खुंटी ज्याची, पट्टी त्याची

उमरदरीच्या धरणावर हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांच्या कानावर सगळ्यात आधी पडतो तो पुष्पाबाईचा आवाज. पक्षी नंतर. पुष्पाबाईचा घसा त्या दिवशी मोकळा असेल तर पक्षी मुळीच नाहीत.

पन्नाशीची, काटक बाई. डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोचलेला. मोताळ्याच्या आठवडी बाजारात ती ओला हरभरा घेऊन बसली की शेजारच्या बायका आपली टोपली जरा लांब मांडतात. भाव पाडून मागणाऱ्याला ती असं सुनावते की शेजारणींचं गिऱ्हाईकही पळून जातं. नवरा नारायणराव मात्र इतका मवाळ की गोठ्यात दोन म्हशींचं जुंपलं तर तो बाहेर येऊन उभा राहतो. घरातला भांडणाचा ठेका पहिल्यापासून बाईकडे.

तिची शेती म्हणजे धरणाच्या पोटातली एक पट्टी. दिवाळी झाली, कालव्याला पाणी सुटलं, की धरण मागे सरकतं आणि काठचा काळा गाळ उघडा पडतो. त्या ओलीवर गाव हरभरा पेरतं. गाळपेरा म्हणतात त्याला. परवानगी साऱ्या गावाला मिळून असते. कोणाची पट्टी कुठली हे गाव आपसात ठरवतं. त्याचा कायदा साधा आहे. पाणी उतरल्यावर ज्याची खुंटी आधी, त्याची पट्टी. खुंटी ठोकली की पेरायचं, पेरलं की राखण करायची, कारण एकानं पाखरं बसू दिली की ती सगळ्यांच्या पिकात उतरतात. ज्याला राखण जमत नाही त्यानं आपल्या हातानं खुंटी उपटायची. दुसऱ्याच्या खुंटीला मात्र कोणी हात लावायचा नाही. परक्याच्या चुलीवरचं भांडं उतरवण्याइतकं ते वाईट.

पुष्पाबाईची पट्टी जिभेसारखी पाण्यात शिरलेली. सगळ्यांच्या आधी उघडी पडायची आणि ओल शेवटपर्यंत धरायची. पहिली खुंटी तिच्या सासूनं ठोकली होती. वर्षाची डाळ तिच्यावर निघे आणि बाजारात बसायला टोपलीही भरे. एखाद्या हंगामात पट्टी दुसऱ्याच्या खुंटीखाली गेली, तर पुढच्या वर्षी ती मागायला तोंड राहत नाही. म्हणून दिवाळीच्या पणत्या विझायच्या आत बाई गाळात उतरलेली असे.

पाखरांनाही नेमकी तीच पट्टी आवडायची. थंडीबरोबर उत्तरेकडून मोठाली राखी बदकं यायची, डोक्यावर दोन काळ्या रेघा असलेली, आणि कोवळ्या हरभऱ्यावर पंगत धरून बसायची. पुष्पाबाई धुऱ्यावर, म्हणजे पट्टीच्या बांधावर, उभी राहून गोफण फिरवायची. तिचा गोटा कधी पाखराला लागला नाही, पण त्याच्या शेजारच्या पाण्यात असा आपटायचा की सगळा थवा उठायचा.

आणि पाखरांच्या मागोमाग यायचे लक्ष्मीकांतराव.

बुलढाण्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात त्यांची नोकरी झाली. पोरांना रांगेत उभं करण्यात हयात गेली. निवृत्तीनंतर पक्ष्यांचा नाद लागला आणि दर रविवारी ते आठ-दहा हौशी माणसांना धरणावर आणू लागले. तिथंही रांग. बोलायचं नाही, भडक कपडे नाहीत, अत्तर नाही, डब्यातला चिवडा कुरकुरत खायचा नाही.

त्या दोघांची पहिली गाठच भांडणात पडली.

"बाई, गोफण थांबवा!" लक्ष्मीकांतराव रस्त्यावरून ओरडले. "पट्टकादंब आहेत ते! हिमालय ओलांडून आलेले पाहुणे आहेत!"

"मंग पाव्हन्याइले घरी न्या ना!" पुष्पाबाई खालून ओरडली. "तुमच्या घरी काय चूल नाई? माह्या हरभऱ्यावर काऊन पंगत बसवता?"

आणि तिनं गोटा सोडला. सारा थवा उठला. लक्ष्मीकांतरावांच्या रांगेतले दोघे-तिघे हसले. ते हसणं लक्ष्मीकांतरावांच्या मनात काट्यासारखं रुतून राहिलं.

पुढच्या पावसाळ्याआधी लक्ष्मीकांतराव समुद्रकाठच्या अभयारण्यांची सहल करून आले. तिथली शिस्त त्यांच्या डोळ्यांत भरली. ओहोटीच्या चिखलात बांबू रोवलेले, त्यांना दोर ताणलेला, वाटाड्या कानाशी बोलल्यासारखा बोलतोय आणि दोरापलीकडे एक पाऊल कोणी टाकत नाही. चिखलपक्षी पार जवळ येऊन चरतात. परत आले ते याच विचारात, की आपल्याकडे समुद्र नाही, पण चिखल तर आहे. दिवाळी सरताच त्यांनी बांबूच्या खुंट्या आणि निळ्या नायलॉन दोराचं बंडल आणलं, पाण्यातून नुकत्याच वर आलेल्या त्या जिभेच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकल्या आणि चारी बाजूंनी दोर ओढून घेतला. पक्ष्यांना निवांत बसता यावं, माणसांनी आणि गुरांनी आत जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात.

शेजारच्या पट्टीवाला हरिओम तिथंच बिड्या ओढत बसला होता. साहेब काय करताहेत ते त्याला दिसत होतं, पण पुष्पाबाईची जिरलेली बघायची त्यालाही हौस होती.

"ठोका साहेब, ठोका," तो म्हणाला. "चांगली खोल ठोका. हालली नाई पायजे."

पुष्पाबाई तेव्हा मेहकरला होती. लेक छायाचं दुसरं बाळंतपण, तिची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून आईला जावं लागलं. जाताना तिनं नारायणरावाला तीनदा बजावलं होतं, "पानी उतरलं की खुंट्या ठोकून या. म्हशी मेल्या तरी चालतीन, पन खुंट्या ठोका." नारायणराव खुंट्या खांद्यावर टाकून गेलासुद्धा. बघतो तर पट्टीला खुंट्या आधीच लागलेल्या, वर निळा दोर. बायकोनं जाण्याआधी हरिओमला सांगून ठेवलं असेल, असं त्यानं ठरवलं. दोर मजबूत आहे, खर्च बराच केला, असंही त्याच्या मनात आलं. आपल्या खुंट्या घेऊन तो समाधानानं घरी परतला.

बाई मेहकरहून आली ती रविवारी, आणि एसटीतून उतरून तडक धरणावर. पट्टीभोवती निळा दोर, दोरामागे दुर्बिणीवाल्यांची रांग आणि पुढे हात उंचावून लक्ष्मीकांतराव.

"ह्या खुंट्या कोनाच्या?"

"माझ्या," लक्ष्मीकांतराव दबक्या आवाजात म्हणाले. "जरा हळू बोला, बाई."

"हळू? माह्या सासूच्या पट्टीत खुंट्या ठोकता आन् मले हळू बोल म्हनता? डोळ्याले नळ्या लावल्या म्हनून दुसऱ्याचं दिसत नाई काय? टोप्या घालून चोऱ्या करता?"

तेवढ्यावर थांबली असती तर त्याच दिवशी सगळं मिटलं असतं. लक्ष्मीकांतरावांना जमीन नकोच होती. पण बाईच्या डोक्यात सणक गेली. तिनं दोर हिसकला, तीन खुंट्या उपटल्या आणि पाण्यात भिरकावल्या. स्नेहलता नावाच्या एका शिक्षिकेच्या पांढऱ्या बुटांवर चिखल उडाला. कोणीतरी परत हसलं.

हरिओमचं मात्र हसू मावळलं. "काकू, हे काय केलं तुम्ही?" तो पुटपुटला. "परक्याची खुंटी उपटली."

लक्ष्मीकांतराव लालबुंद झाले होते. पुष्पाबाईकडे न बघता त्यांनी हरिओमला विचारलं, "या गावात खुंटी ठोकली की काय होतं, ते मला नीट सांग."

हरिओमनं सांगितलं.

"मग या खुंट्या माझ्याच," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "आणि पट्टीही."

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर गाव जमलं. पट्ट्यांचा निवाडा अर्जुनराव करतात. वयानं मोठे, बोलणं तुपासारखं, पण त्यांच्या बैलाच्या शिंगावर एकदा पुष्पाबाईचा गोटा बसला होता आणि ते शिंग त्यांनी मनात जपून ठेवलं होतं.

"खुंटी आधी कोनाची?" अर्जुनरावांनी विचारलं.

नारायणरावाला पुढे ढकललं. तो म्हणाला, "मी गेलो तवा होत्या बाप्पा लागलेल्या. मले वाटलं आपल्याच आहेत."

"तुमच्या डोस्क्यात बी गाळच भरला आहे," पुष्पाबाई म्हणाली.

"आन् उपटली कोनं?" अर्जुनराव.

सगळं गाव पुष्पाबाईकडे वळलं. नाव घ्यायची गरजही नव्हती.

"मंग झालं," अर्जुनराव म्हणाले. "साहेब गावचे नाईत, पन कायद्याले खुंटी दिसते, मानूस नाई. पट्टी साहेबाची. पन साहेब, पेरा लागते. पेरलं की राखन करा लागते. नाई जमली तं आपल्या हातानं खुंटी उपटा लागते. कबूल?"

"कबूल," लक्ष्मीकांतराव म्हणाले. पुष्पाबाईकडे बघून पुन्हा एकदा म्हणाले, "कबूल!" पेरलेलं पाखरं खातील, म्हणजे पाखरं येतील. त्यांना यात तोटा कुठेच दिसत नव्हता.

त्यांनी मजुरांकडून हरभरा पेरून घेतला. रोपं वीतभर झाली आणि थवे उतरले. इतके जवळ, इतके निर्धास्त, की लक्ष्मीकांतरावांच्या रविवारच्या रांगा दुप्पट झाल्या. समुद्रकाठी शिकून आलेल्या दबक्या आवाजात ते सांगत राहत, "बघा, मान कशी उचलतोय. तो पहारेकरी. बाकीचे खातात आणि हा पहारा देतो."

पुष्पाबाई रोज सकाळी धुऱ्यावर येऊन बसायची. गोफण मांडीवर. दुसऱ्याच्या पट्टीतली पाखरं हाकलायची नसतात. एकदा मोडलेला कायदा पुन्हा मोडला असता तर गावानं तिला धरणावर उभंही केलं नसतं. आपल्या सासूच्या गाळात बदकं चोच मारताना ती बघत राहायची. घरी आली की नारायणराव म्हशींकडे निघून जायचा.

पण पाखरांना दोर कळत नाही. लक्ष्मीकांतरावांचा हरभरा खुडून झाला की थवा हरिओमच्या पट्टीत सरकायचा, तिथून पुढच्या. हरिओम दिवसभर हाळ्या घालायचा, पाखरं उडून पुन्हा साहेबांच्या पट्टीत विसावायची आणि त्याची पाठ वळली की परत यायची.

"ठोका साहेब, ठोका," धुऱ्यावरून पुष्पाबाई त्याला ऐकवायची. "चांगली खोल ठोका. आता कसं वाटून राह्यलं बे हरिओम?"

मग एका रविवारी दोराशी दुर्बिणी होत्या आणि त्यांच्या शेजारी गाव येऊन उभं राहिलं. सगळ्यात पुढे अर्जुनराव, हातात गोफण. त्यांच्या स्वतःच्या पट्टीतलं पीकही निम्मं खुडलं गेलं होतं, त्यामुळे आवाजातलं तूप गोठलं होतं.

"साहेब, हाकला."

लक्ष्मीकांतरावांनी बोट ओठांवर ठेवलं. "हळू. उडतील."

"उडालेच पायजेत! राखन कबूल केली होती तुम्ही. ही घ्या गोफन."

त्यांनी गोफण घेतली. मागे रांगेत माणसं थांबली होती, पुढे थवा चरत होता. पहारेकऱ्यानं मान उंच केली होती. लक्ष्मीकांतरावांनी गोफणीकडे पाहिलं, थव्याकडे पाहिलं, मग पुष्पाबाईकडे. ती बसल्या जागेवरून उठली नव्हती.

"नाही," ते म्हणाले. "मी दगड मारणार नाही."

"मंग उपटा," अर्जुनराव म्हणाले.

लक्ष्मीकांतराव बूट काढून गाळात उतरले. पहिली खुंटी सहज निघाली, दुसरीला दोन्ही हात लावावे लागले. हरिओमच्या सल्ल्यानं खोल ठोकलेल्या होत्या. तिसऱ्या खुंटीला ते मागे कोलमडले आणि चिखलात बसले. थवा एकदम उठला. सकाळच्या उन्हात शेकडो पंख डोक्यावरून गेले. मागच्या रांगेत कॅमेरे कडकडले, स्नेहलताबाई "वा!" म्हणून मोठ्यानं ओरडल्या आणि काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"टाळ्या वाजवू नका!" लक्ष्मीकांतराव गाळातून ओरडले. त्या पहिल्या भांडणानंतर त्यांचा आवाज एवढा चढलेला कोणी ऐकला नव्हता.

पुष्पाबाईला टाळ्यांचा राग आला, पण तेवढा वेळ नव्हता. शेवटची खुंटी निघाली, तशी तिनं लुगड्याच्या ओच्यातून बाभळीची खुंटी काढली आणि त्याच भोकात ठोकली.

"हरभरा उभा आहे, बाई," लक्ष्मीकांतराव हात झटकत म्हणाले. "शेंडे खुडलेत फक्त. फुटेल अजून. घ्या तुम्हीच."

"तुमच्या हातचं? थू!"

आणि खरोखरच तिनं ते उभं पीक कुदळीनं उलटं केलं. अख्खं गाव वेड्यात काढत होतं. नारायणराव आयुष्यात पहिल्यांदा तिला अडवत म्हणाला, "अवो, पीक आहे ते." तिनं ऐकलं नाही. उशिरा पुन्हा पेरलं, ओल उतरली होती, घाटे अर्धेच भरले. बाजारात त्या वर्षी ती टोपलं घेऊन बसली ते निम्मं रिकामंच, आणि भाव विचारणाऱ्यांवर दुप्पट ओरडली. पण खुंटी तिची होती.

पुढच्या दिवाळीत ती पाणी उतरायची वाट बघत थांबली नाही. पट्टी अजून गुडघाभर पाण्याखाली असतानाच आत शिरली आणि लांब खुंट्या ठोकून आली. नुसती टोकं वर दिसत होती. अर्जुनराव म्हणाले, पाण्यातली खुंटी धरता येत नाही. पुष्पाबाई म्हणाली, धरून बघा.

रविवारी लक्ष्मीकांतराव मंडळी घेऊन आले. आता ते रस्त्यावरच थांबतात. निळा दोर रांगेपुढे, रस्त्यावरच्या पुलाच्या कठड्याला बांधतात. पाण्यातल्या एका खुंटीवर खंड्या येऊन बसला, निळाशार, चोचीत मासा. रांग श्वास रोखून पुढे झुकली.

पुष्पाबाईनं सवयीनं गोफणीत गोटा भरला, हात फिरवला आणि थांबली. गोटा इंचभर चुकला तरी खुंटीला बसणार. ज्या खुंटीसाठी वर्षभर गावाशी वैर घेतलं, तिच्यावरच गोटा कसा मारायचा? हरिओम शेजारून टक लावून बघत होता.

"बाई, फार उपकार झाले!" वरून लक्ष्मीकांतराव दबक्या आवाजात म्हणाले. उपहास होता की आभार, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"उपकार गेले चुलीत!" पुष्पाबाई ओरडली. "त्याले म्हना, बुड उचल माह्या खुंटीवरून!"

खंड्यानं मासा खुंटीवर दोनदा आपटला आणि गिळला.