भिंगारच्या उन्हातली पोफळ

नगरला झाड जगवायचं म्हणजे आधी उन्हाशी भांडण काढावं लागतं, आणि भांडायला मी कधीच कमी नव्हते. लग्न होऊन दापोलीकडच्या एका गावातून मी भिंगारला आले ती नव्वद सालाच्या आसपास. नवरा लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन नोकरीला. राहायला चार बिऱ्हाडांच्या ओळीतलं क्वार्टर, वर सिमेंटचे पत्रे आणि मागे भिंत घातलेलं छोटं अंगण. अंगणात दिवसभर ऊन. एप्रिलमध्ये शहाबादी फरशीवर अनवाणी पाय पडला की मी उड्या मारत मोरी गाठायचे, आणि सासूबाई दारात बसून खुदुखुदु हसायच्या.

सासूबाईंना मी इथल्या रीतीनं आत्या म्हणायचे. त्या श्रीगोंद्याकडच्या, उसाच्या घरातल्या. ज्याला फळ येतं, दाणा येतो किंवा निदान जनावराला चारा होतो ते झाड, असा त्यांचा सरळ विचार. मी कुंड्यांमध्ये नेचे, अळू आणि सोनटक्का लावला, नर्सरीतून अरेका पाम आणला, तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या सूनबाईनं गवत पाळलंय. दूद कदी देतंय बगू."

पहिल्या उन्हाळ्यात ते गवत करपून गेलं. मी रडले नाही, चिडले. मग हळूहळू समजत गेलं. ही सावलीतली झाडं पाण्यापेक्षा ओल्या हवेवर जगतात, आणि नगरच्या हवेत ओल शोधून सापडत नाही. म्हणून मी सगळ्या कुंड्या पश्चिमेच्या भिंतीशी दाटीवाटीनं ठेवल्या, म्हणजे दुपार कलल्यावर भिंतीची सावली मिळे आणि एकमेकींचा ओलावाही. खाली ओली वाळू, भिंतीवर भिजवलेली पोती. नळाच्या खारट पाण्यानं कुंड्यांवर पांढरा थर धरायचा आणि पानांची टोकं जळायची, म्हणून पावसाचं पाणी पिंपात साठवून ठेवायला लागले. हे सगळं बघून आत्या म्हणायच्या, "येवडं लाड तर माज्या लेकराचं बी न्हाई केलं मी." पण संध्याकाळी पोत्यांवर पाण्याचा तांब्या मारायला हळूच त्याच यायच्या.

दोन-तीन वर्षांनी पावसाळ्यात माझे वडील गेले. आमची पोफळीची वाडी होती, तुम्ही ज्याला सुपारीची बाग म्हणाल ती. आई आधीच गेलेली, भाऊ दोघंही मुंबईत. वाडी विकायची ठरली. मी विरोध केला नाही, करणार कशाच्या जोरावर? शिंपायला काही मी जाणार नव्हते. दिवाळीला गेले तेव्हा वडिलांनी स्वतः रुजत घातलेल्या सुपाऱ्यांची चार रोपं उचलली, केळीच्या सोपटात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन भिंगारला आणली. वाडीतलं माझ्या वाट्याला एवढंच आलं, आणि मला एवढंच हवं होतं. ती मेली असती तर वडिलांच्या हातचं काही म्हणता काही उरणार नव्हतं.

हिवाळाभर रोपं छान राहिली. मार्चमध्ये खरेदीखतावर सही करायला मला पुन्हा गावी जावं लागलं. निघताना आत्यांना बजावलं, "फक्त एक दिवसाआड पाणी. दुसरं काही करू नका." त्या म्हणाल्या, "व्हय गं बाई, जा तू. मी काय शेतात न्हाई राबले व्हय?"

मी गेले, आणि इकडे श्रीगोंद्याहून आत्यांचे भाऊ टेम्पो घेऊन आले. येताना ते साखर कारखान्याच्या दारातून मळीचं पोतं घेऊन आले होते. मळी म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा काळा चोथा. तिकडे बहिणीच्या घरी जाताना लोक भाजी नेतात, गूळ नेतात. मामांनी बहिणीच्या सुनेच्या कुंड्यांसाठी खत आणलं. मळी खताला फार चांगली, पण महिनोन्‌महिने ढीग घालून निवल्यावर. ताजी असते तेव्हा आतून धगधगत असते. शेतात तो ढीग निववायचं काम पुरुषांचं; आत्यांनी आयुष्यभर बघितली ती निवलेली, भुसभुशीत मळी. त्यांनी मोठ्या हौसेनं चारही रोपांच्या बुडाशी ती ओंजळी-ओंजळीनं थापली आणि वरून पाणी घातलं.

मी परतले तेव्हा दारातच म्हणाल्या, "चल मागं, तुला गंमत दावते." कुंडीत बोट घातलं तर चटका बसला. तीन रोपं वरपासून खालपर्यंत तपकिरी झाली होती. चौथ्याचं एक पान अर्धं हिरवं होतं. त्याच आठवड्यात मी वाडीवर सही करून आले होते. मी जे बोलायचं ते सगळं बोलले. "तुमच्या उसाला घाला ही मळी," इथून सुरुवात केली आणि कुठवर गेले ते लिहीत नाही. आत्या पदरानं हात पुसत उभ्या राहिल्या. "ताकद यावी म्हनून घातली गं," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या बोटांना फोड आलेले मला दिसले, तरी माझा राग काही उतरला नाही.

चौथं रोप मी उपटलं, मुळं पावसाच्या पाण्यात धुतली, वाळू आणि पालापाचोळ्याच्या कुजलेल्या खतात पुन्हा लावलं. पोफळीचा जीव शेंड्यात असतो. मधली कोवळी सुई, म्हणजे अजून न उलगडलेलं पान, हिरवी आणि घट्ट राहिली तर रोप तगतं. ती सुकून हातात आली की संपलं. आमची ती सुई पिवळट पडली होती. ओढून बघायचा धीर मला होईना.

एप्रिल लागला. अशक्त रोपाला तासभर ऊनही सोसवलं नसतं. मी दोरीला जुनी लुगडी बांधली, ती गरम वाऱ्यानं दोन दिवसांत फाडली. घरात ठेवावं तर पत्र्याखाली भट्टी. आत्यांशी माझं बोलणं कामापुरतं उरलं होतं, "भाकरी झाली" आणि "पाणी आलं" इतकंच. नवरा बिचारा दोघींच्या मध्ये गप्प जेवायचा.

एका सकाळी आत्या कुणाला न सांगता भिंगारच्या बाजारात गेल्या आणि हातगाडीवर एक भलंमोठं गाठोडं घेऊन आल्या. लष्कराच्या गाड्या झाकायची जुनी जाळी, हिरव्या-मातकट चिंध्या लावलेली. जुन्या सामानाच्या दुकानात त्या स्वतः निवडायला बसल्या होत्या म्हणे. नवऱ्याला सुट्टी होती, त्याच्याकडून भिंतीत खुंट्या मारून घेतल्या. जाळी कापली तर उसवत जाते, म्हणून अख्खीच ताणली. सगळं अंगण झाकलं गेलं. खाली ठिपक्याठिपक्यांचा गार उजेड पडला. नवरा म्हणाला, "चला, आता शत्रूच्या विमानाला आपलं घर दिसायचं नाही." मला हसू आलं होतं, पण मी ते दाबलं.

आत्यांनी या जाळीपायी काय सोडलं, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. कोकणात आमचे उन्हाळे फणसपोळीचे. कुरडया मी नगरला येऊन पाहिल्या. आत्यांच्या कुरडया ओळीत नावाजलेल्या. गहू भिजत घालायचे, वाटून चीक काढायचा, पहाटे शिजवायचा आणि कडक उन्हात खाटांवर सोऱ्यानं घालायच्या. कुरडई सावलीत वाळली की आंबते. आणि आमच्याकडे ऊन मिळणारी जागा एकच होती, ते मागचं अंगण. त्या वर्षी गहू निवडलेले दिसले नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "गुडगं दुकत्यात." मी बरं म्हटलं आणि कामाला लागले.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी आत पडले होते. शेजारची बाई मागच्या दारानं आली आणि जाळीखाली आत्यांपाशी टेकली. म्हणाली, "मावशी, औंदा कुरडया न्हाईत? ह्या जाळीनं सगळं ऊन खाल्लं की वो तुमचं. येका रोपापायी येवडं?"

आत्या म्हणाल्या, "कुरडया काय, इकत बी मिळत्यात. तिच्या बापाच्या हातचं रोप कुटल्या बाजारात मिळनारे?"

मी उशीत तोंड खुपसून रडले. वडील गेल्यावर रडले नव्हते एवढी रडले. या घरात येऊन इतकी वर्षं झाली होती, आणि आपण इथल्या आहोत असं मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं.

बाई गेल्यावर तोंड धुऊन बाहेर आले. इतके दिवस अबोला धरलेला, काय बोलावं सुचेना. म्हटलं, "आत्या, चहा टाकू?"

"टाक की," त्या म्हणाल्या. त्या कुंडीशी वाकून बसल्या होत्या, बोटांवर फोडांचे डाग अजून होते. "पन आदी हिकडं ये. ती सुई बग जरा. मला आपलं हिरवी दिसती, पन माज्या डोळ्यांचा काय भरोसा न्हाई."

मी शेजारी बसले. चिमटीत धरून सुई अगदी हलकेच ओढली. ती हलली नाही, आणि हिरवी होती.