डाव्या बाजूचा ब्रेक

ड्रायव्हिंग क्लास चालवणाऱ्या बाईला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. माणूस स्टिअरिंगवर बसला की घरातलं सगळं बोलतो, आणि समोरून ट्रक आला की उरलेलंही बोलून टाकतो. निम्म्या सोलापूरची भांडणं माझ्याकडं जमा आहेत. बहुतेक भांडणांची सुरुवात एकाच प्रश्नापासून होते: "मॅडम, पोराला लायसन्स मिळालं, आता गिफ्ट काय द्यावं?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. किल्ली द्या. हातात द्या आणि बाजूला व्हा.

ऐकतंय कोण! लोकांना किल्ली सोडून बाकी सगळं द्यायचं असतं. जुळे सोलापूर भागातल्या शिंदे सरांनी तर त्यांच्या वैष्णवीला जे दिलं, ते मी एवढ्या वर्षांत कुठं बघितलं नव्हतं. पोरीची नोकरी त्यापायी जायची वेळ आली होती. पण ते सांगते सावकाश, आधी बाकीच्यांची हजेरी घेऊ.

*

बार्शीचे एक भुसार व्यापारी. त्यांचा ओंकार इथं मावशीकडं राहून कॉलेज करायचा. लायसन्स आलं तसं वडिलांनी पार्सल पाठवलं: लेदरचं जॅकेट, लेदरचे हातमोजे आणि काळा गॉगल. महिना कुठला, तर मे! सोलापूरचा मे! सकाळी नऊलाच डांबर चपलेला चिकटतं हितं.

पोरगं भर उन्हात सगळं अंगावर चढवून सरावाला क्लासच्या गाडीत बसलं. मी म्हटलं, बाबा काढ ते. "पप्पांनी व्हिडिओ मागितलाय," म्हणाला. होटगी रोडला पोचेपर्यंत त्याचा चेहरा पांढरा पडला. मी गाडी कडेला घेतली, त्याला सावलीत बसवलं, जॅकेट काढलं आणि ताकवाल्याला हाक मारली.

तेवढ्यात वडिलांचा फोन. गाडी कशी चालली म्हणे.

मी म्हटलं, "गाडी बरी आहे. ड्रायव्हर ताक पितोय."

*

अशोक चौकाकडचा श्रीनिवास. घरात पिढ्यान्‌पिढ्या चादरी विणायचं काम. त्याच्या ताताने, म्हणजे आजोबांनी, नातवासाठी स्वतः मागावर बसून सीट कव्हरं विणली. हौस भागेना म्हणून मागच्या काचेवर लावायला एक चादरीचा तुकडा, त्यात नातवाचं नाव विणलेलं. काम इतकं देखणं की मी हात फिरवत बसले.

पण काच पूर्ण झाकली की! आरशात नुसती चादर. मी तातांना समजावून सांगितलं, मागचं काही दिसत नाही, काढावं लागेल.

ताता लई शांत माणूस. म्हणाले, "मागं बघून काय करायचं? गाडी पुढं जाते ना?"

श्रीनिवासनं ती चादर काढली आणि डिकीत अंथरली. तातांना अजून वाटतं, ती काचेलाच आहे. कारण ते पुढच्या सीटवर बसतात आणि मागं बघत नाहीत.

*

सानियाला तिच्या अब्बांनी ट्रॅकर दिला. गाडीत ठेवायचा आणि अम्मीनं घरी मोबाईलवर बघायचं, लेक कुठं पोचली. सानिया गोड हसली, थँक्यू म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तो ट्रॅकर अब्बांच्या स्कूटरच्या सीटखाली टाकला.

संध्याकाळी अम्मीच्या मोबाईलवर लेक भजीच्या गाड्याजवळ उभी दिसायला लागली. लेक तर समोर पालेभाजी निवडत बसलेली! रोज तीच वेळ, तोच गाडा. आणि अब्बांना शुगर. घरी आले की जेवण कमी, आणि तोंडानं म्हणणार, "भूकच नाही."

शेवटी ताटावर बसल्यावर सानियानं विचारलं, "अब्बा, डेली भजी के गाडे पे क्या काम रहता?"

ट्रॅकर अजून स्कूटरलाच आहे. अम्मी म्हणाली, राहू दे तितंच.

*

माझंही सांगते. आमच्या वस्तीत गाडी चालवणारी मी पहिली मुलगी. लायसन्स आलं त्या दिवशी आईनं बाजारातून बुद्धाची छोटी मूर्ती आणली, गाडीत पुढं ठेवायला. गाडी कुठं होती? गाडी यायला पुढं कितीतरी वर्षं लागली, तोवर मूर्ती टीव्हीवर बसून होती. आईला कौतुक होतं आणि भीतीही होती. म्हणाली, "लोक बघतील गं."

मी म्हटलं, "बघू देत की. बघत बघत बाजूला तरी होतील."

आज ती मूर्ती क्लासच्या गाडीत आहे. एका गृहस्थानं मुलीला शिकवायच्या आधी ती काढायला सांगितली. मी त्यांना दुसऱ्या क्लासचा रस्ता सांगितला, अगदी खाणाखुणांसकट. मुलगी आठ दिवसांनी माझ्याकडंच आली, आईला घेऊन.

*

आता शिंदे सर. हायस्कूलला गणित शिकवतात. माणूस सज्जन, सरळ, पण घरात त्यांचा शब्द शेवटचा. घरी गाडी आहे, सरांना चालवता येत नाही. थोरला रोहित माझ्याकडंच शिकला. त्याचं लायसन्स आलं त्या दिवशी सरांनी नारळ फोडला आणि किल्ली त्याच्या हातात दिली. रोहितनं आठवड्याच्या आत फाटकाला गाडी घासली. सर म्हणाले, पोरं अशीच शिकतात.

रोहित नोकरीला पुण्याला गेला आणि गाडी कव्हरखाली गेली. मग वैष्णवी माझ्याकडं आली. एकोणीस वर्षांची, डिप्लोमा झालेली. खोटं कशाला बोलू, रोहितपेक्षा हात चांगला. पहिल्या फटक्यात टेस्ट पास. त्यातच चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत ट्रेनी म्हणून निवड झाली. कंपनीची बस तिच्या भागात येत नाही आणि वडापच्या खचाखच भरलेल्या जीपनं जायचं नाही, असा सरांचा हुकूम. म्हणजे गाडी हलली तर नोकरी.

सर मला भेटायला आले. काय गिफ्ट द्यावं म्हणाले. मी म्हटलं, किल्ली. "ते बघू," म्हणाले. मग वाकून क्लासच्या गाडीत डोकावले आणि विचारलं, तुमच्या बाजूला हे पायात काय आहे? मी सांगितलं, शिकवणाऱ्याचा ब्रेक, शिकणारा चुकला तर आम्ही दाबतो. सर बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

चार दिवसांनी वैष्णवी आली. रडत नव्हती, पण नाक लाल झालेलं. सरांनी कुठल्याशा गॅरेजमधून घरच्या गाडीत डाव्या बाजूला ब्रेक बसवून घेतला होता!

"मॅडम," ती म्हणाली, "माझं गिफ्ट पप्पांच्या पायाखाली आहे."

माझं डोकं फिरलं. मी तशीच सरांच्या घरी गेले. म्हटलं, रोहितला किल्ली आणि हिला ब्रेक, हे कुठलं गणित? सर म्हणाले, काळजी वाटते म्हणून. मी म्हटलं, "सर, आम्ही ब्रेक ठेवतो, कारण शेजारच्याला गाडी येत नसते. हिला येते. तुम्हाला येत नाही."

सरांना ते लागलं. लागू दे. त्यांनी अट घातली: सोमवारी जॉइनिंग आहे, मी शेजारी बसणार, कंपनीपर्यंत बघणार. नीट वाटलं नाही तर अर्ध्या रस्त्यातून परत, गाडी कव्हरखाली, आणि हिनं घरी बसून बँकेच्या परीक्षा द्यायच्या.

वैष्णवी म्हणाली, चालेल. पण मॅडम मागं बसतील.

सोमवारी सकाळी निघालो. मी मागच्या सीटवर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पायाखाली काही नव्हतं, आणि खरं सांगते, हिच्या गाडीत मला त्याची गरजही वाटली नाही. सरांनी मात्र सात रस्ता चौकात ब्रेक दाबला. पुढं केळीच्या हातगाडीला दाबला. रस्त्याच्या पलीकडं एक कुत्रं झोपलं होतं, त्याला पण दाबला. दर वेळी गाडी गचका खाऊन बंद पडायची. वैष्णवी परत सुरू करायची, आरशात बघायची आणि निघायची. मी ओठ दाबून बसले होते, कारण तिनं घरातून निघताना माझ्याकडून तसं वचन घेतलं होतं.

बाळे गाव मागं टाकलं आणि हायवेला लागलो. बऱ्याच पुढं एक ट्रक लेन बदलायला लागला. हिनं तो आधीच बघितला होता, वेग कमी केला होता, सगळं बरोबर. आणि सरांनी ताकद लावून ब्रेक दाबला.

गाडी भर हायवेवर जागच्या जागी बंद. मागून एसटीच्या चाकांचा कर्रकन आवाज. बस आमच्या डिकीपासून हातभर अंतरावर थांबली.

एसटीचा ड्रायव्हर उतरून वैष्णवीच्या काचेशी आला. "ताई, गाडी येत न्हाय तर घरात बसा की. गाडीभर माणसं हायत माझ्या मागं." मोटरसायकलवाले थांबले. एक म्हणाला, बायकांच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं. दुसरा खाली वाकून सरांना म्हणाला, "काका, तुमी घ्या की चालवायला."

वैष्णवीचे हात स्टिअरिंगवर होते आणि नजर समोर. कान लाल झाले होते. वचन गेलं खड्ड्यात, म्हणून मी काच खाली करायला लागले, तेवढ्यात सर उतरले.

"ब्रेक मी दाबला," सर म्हणाले.

कुणाला पटेना. ड्रायव्हर म्हणाला, काका, पोरीला कशाला पाठीशी घालताय? सरांनी डावं दार सताड उघडलं आणि वाकून बोट दाखवलं. "हा बघा. मीच बसवून घेतलाय. मुलगी बरोबर चालवत होती."

ड्रायव्हरनं वाकून ब्रेक बघितला. मग सरांकडं बघितलं. "कशापायी?" त्यानं विचारलं.

उत्तराची वाट न बघता ड्रायव्हर बसमध्ये चढला, बाजूनं बस काढून निघून गेला. मोटरसायकलीही गेल्या. सरांनी दार लावलं आणि वैष्णवीनं गाडी सुरू करून कडेला घेतली. सर तिथवर चालत आले आणि खिडकीत वाकले.

"वैष्णवी, उशीर होतोय. जा तू."

"पप्पा, तुम्ही?"

"मी येईन वडापनं."

मग त्यांनी मागचं दार उघडलं. मी पर्स मांडीवर घेऊन आरामात बसले होते.

"मॅडम," सर म्हणाले, "तुम्ही पण उतरा."