फसलेल्या औषधांचं कपाट

गेल्या हिवाळ्यात जानकीपुरमच्या आमच्या औषध-संशोधन संस्थेत एक ब्रिटिश कादंबरीकार बाई आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या. भविष्यातल्या जगांवर कादंबऱ्या लिहून त्यांनी मोठं नाव कमावलं होतं आणि मग एकाएकी लिहिणं थांबवलं होतं. मी त्यांचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. तसं सांगितल्यावर त्यांना उलट बरंच वाटलं.

प्रत्येक यंत्रापाशी त्या वाकून, श्वास रोखून बघत.

"एक औषध तयार व्हायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"अख्खी नोकरी सरते. आणि बहुतेकदा हाती काहीच लागत नाही."

त्या थांबल्या. "माझ्या कादंबऱ्यांत एका पानात तयार व्हायचं. माझी मुलगी हॉस्पिटलात त्याच वाचायची. शेवटच्या आठवड्यात म्हणाली, 'आई, आपलं ते पान कधी येणार?'"

मी त्यांना फसलेल्या औषधांच्या बाटल्यांचं कपाट उघडून दाखवलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि एकेका बाटलीवरच्या चिठ्ठीचं हस्ताक्षर निरखू लागल्या.

"मॅडम, ये सब तो बेकार हो चुका है," आमचे अटेंडंट म्हणाले. मी ते इंग्रजीत सांगितलं नाही.

"औषध फसल्यावरही या चिठ्ठ्या लिहिणारी माणसं दुसऱ्या दिवशी कामावर यायची?" बाईंनी विचारलं.

"यायची. मीही येते."

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. "मग मला त्यांच्याविषयी सांगा."

जेवणाची सुट्टी संपली, तरी मी सांगत होते आणि त्या लिहीत होत्या.