शिंपल्याचा पाय

माझ्या नणंदेला आमच्या गल्लीत शिंपलेबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठ फिरली की म्हणतात, आणि वन्संना ते चांगलं ठाऊक आहे. त्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहेत. कारखान्यांतून ओढ्यात सोडलेलं पाणी बाटल्यांत भरून त्यांच्याकडे येतं आणि त्या पाण्यात जीव जगतो की मरतो ते त्या सांगतात. जीव म्हणजे गोड्या पाण्यातले शिंपले, गोगलगायी, बारके किडे. माझ्या नवऱ्याने एकदा त्यांना छेडलं, "ताई, हल्ली यंत्रं निघालीत की. त्या शिंपल्याला कशाला साक्षीला बोलावता?"

वन्सं म्हणाल्या, "पाण्यात काय काय आहे ते यंत्र सांगतं. त्यात राहावं लागलं तर काय होतं, ते शिंपल्यालाच विचारावं लागतं. तो बिचारा काही उठून तुझ्यासारखा गच्चीत हवा खायला जात नाही."

लग्न त्यांनी केलं नाही. आमच्याच घरात, पुढच्या खोलीत राहतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपला एकही रिपोर्ट कधी खोटा पडला नाही, हे त्यांचं एकमेव भूषण. दागिन्यांची हौस नाही, साड्यांची नाही. ही मात्र होती.

एकदा त्यांनी मला कामावर नेऊन दाखवलं होतं. लांबलचक पांढरं टेबल, हवा सोडणाऱ्या पंपाची गुरगुर, आणि ओळीने मांडलेल्या काचेच्या वाट्या. वाट्यांत शिंपल्यांची पिल्लं, तिळाहूनही लहान. एका वाटीत स्वच्छ पाणी. बाकीच्यांत तपासायचं पाणी, कशात नुसतं, कशात पातळ केलेलं. चार दिवस तसंच ठेवायचं आणि मग एकेक पिल्लू मायक्रोस्कोपखाली बघायचं. दोन शिंपा जराशा किलकिल्या होतात आणि मधून पांढुरका पाय बाहेर येतो, जिभेसारखा. तो हलला तर पिल्लू जिवंत. नाही हलला तर पाच मिनिटं डोळा लावून थांबायचं. तरीही नाही हलला, तर मेलं म्हणून लिहायचं.

मला तो पाय दिसला आणि माझे हात आपोआप जोडले गेले. एवढ्याशा जिवालाही देवाने चालायची सोय करून ठेवली आहे. वन्सं हसल्या. "हात मग जोड. मागे माणसं खोळंबलीत, बघून झालं असेल तर सरक."

गेल्या वर्षापासून मात्र वन्सं घरात काही गोष्टी टाळू लागल्या. पेपर खिडकीशी नेऊन वाचायच्या आणि दोन ओळींत खाली ठेवायच्या. टीव्हीवर खालून सरकणारी बातमी मला विचारायच्या, "काय म्हणतोय गं तो?" एकदा मी धीर करून म्हटलं, "वन्सं, डोळे दाखवून येऊ या का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

ओढ्याच्या वरच्या अंगाला एक रंगारी आहे. सूत रंगवतो. नवराबायको आणि चार कारागीर. ओढ्याला रंग येतो अशी खालच्या वस्तीने तक्रार केली आणि त्याच्या पाण्याची बाटली वन्संकडे आली. बाटलीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. पण पाणी जांभळं असल्यावर ते कोणाचं हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

त्यांच्याकडे एक नियम आहे. वाट्या भरणारा एक आणि बघणारा दुसरा. कोणत्या वाटीत काय आहे, ते बघणाऱ्याला कळता कामा नये. त्या आठवड्यात वाट्या भरणारी सहकारी रजेवर होती. साहेबांना रिपोर्टची घाई होती. वन्संनी वाट्या स्वतःच भरल्या आणि स्वतःच बघितल्या. स्वच्छ वाटीतली पिल्लं जिवंत. रंगाऱ्याच्या पाण्यातली, अगदी पातळ केलेल्यातलीही, मेलेली. रिपोर्ट गेला आणि रंगाऱ्याच्या शेडला टाळं लागलं.

सहकारी रजेवरून आली. मेलेल्या पिल्लांची मापं घ्यायची असतात म्हणून ती एका बशीत साध्या पाण्यात बाजूला ठेवलेली होती. तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि म्हणाली, "ताई, तुमच्याकडची मेलेली फिरायला निघालीत बघा."

"चष्मा पूस तुझा," वन्सं म्हणाल्या.

"मी चष्मा लावत नाही, ताई."

"मग लाव!"

थोड्या वेळाने ती पोरगी चहाला गेली तेव्हा वन्संनी जाऊन डोळा लावला. त्यांना बशीत काहीच दिसलं नाही, नुसतं दुधाळ पाणी. पाय नाही, शिंपही नाही.

हे सगळं त्यांनी मला संध्याकाळी स्वयंपाकघरात सांगितलं, दार लोटून घेऊन.

मी म्हटलं, "डोळ्यांचा काय दोष, वन्सं? वय होतं सगळ्यांचंच."

"डोळ्यांचं राहू दे गं," त्या म्हणाल्या. "स्वच्छ पाण्याच्या वाटीतही मला काही दिसत नव्हतं. तिथे मी जिवंत लिहिलं. तिथे जगायलाच हवीत, म्हणून मला पाय हलताना दिसले. त्याच्या वाटीत मरायला हवीत, म्हणून नाही दिसले. पाच मिनिटं थांबलेसुद्धा नाही मी. त्याला मी आधीच चोर ठरवलं होतं."

बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, शाळेत मार खाल्लेल्या मुलीसारख्या. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. मला तिथून निघून जावंसं वाटलं. देवापुढे उभी राहिले, तर काय मागावं तेही सुचेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब माणूस वाईट नाही, पण बोभाट्याला भितो. तो म्हणाला, "पुन्हा तपासणी लावू. नमुना शिळा झाला होता असं लिहू. तुमचं नाव कशाला त्यात? तुम्ही आधी डोळ्यांचं बघा."

आणि वन्सं हो म्हणाल्या.

पुन्हा पाणी आणलं. या वेळी वाट्या एकाने भरल्या आणि त्या सहकारी पोरीने बघितल्या. पातळ न केलेल्या पाण्यातली पिल्लं मेली, पातळ केलेल्यातली बहुतेक सगळी जगली. म्हणजे रंगारी अगदी धुतल्या तांदळाचा नव्हता. पाणी निवळायला एक टाकी बांधली असती की भागलं असतं. शेड बंद करायचं कारण नव्हतं. टाळं निघालं.

डोळ्यांच्या डॉक्टरने मोतीबिंदू सांगितला, दोन्हीकडे, पिकलेला. माझा नवरा म्हणाला, "जन्मभर शिंपले बघितल्यावर मोती मिळायचाच की, ताई!" एरवी वन्संनी त्याला सोडला नसता. त्या दिवशी नुसतं "हं" म्हणाल्या. नवऱ्याला खरी गोष्ट माहीत नव्हती. मला माहीत होती, आणि जेवताना आम्ही दोघी एकमेकींच्या ताटात बघत जेवलो.

मग रविवारी रंगारी घरी आला.

पन्नाशीचा माणूस, हात कोपरापर्यंत निळे. खुर्चीला डाग पडेल म्हणून बसेना. "बसा हो, धुता येते," मी म्हटलं, तेव्हा टोकावर टेकला. वन्संना म्हणाला, "ताई, साहेब म्हणाले, तुम्हीच पुन्हा तपासायला लावलंत. आमच्यासारख्यासाठी कोण भांडतं? आमची ही म्हणाली, आधी जाऊन पाया पडून या." आणि तो खरंच वाकला.

वन्सं झटकन मागे सरकल्या आणि भिंतीला टेकल्या. मी मनात म्हटलं, देवा, यांना गप्प राहू दे. लगेच वाटलं, नको, बोलू दे.

"पाया पडू नका," त्या म्हणाल्या. "नमुना शिळा नव्हता. चूक माझी होती. मला दिसत नाही, आणि ते लपवून मी तुमचं पाणी बघितलं. न दिसताच मेलेले लिहिले."

रंगारी सरळ उभा राहिला. आधी त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"दोन कारागीर काम सोडून गेले माझे," तो म्हणाला. "आता यायचे नाहीत ते. त्यातल्या एकाला मी हाताला धरून शिकवलं होतं."

"हो."

"नुसतं हो काय, ताई?"

मी पाणी आणून पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही. दारापर्यंत गेला आणि वळला.

"माझं एक राहू द्या," तो म्हणाला. "माझ्या आधी कोणाकोणाचं बघितलंत? आणि ज्यांचं पाणी वाईट होतं, त्यांना चांगलं म्हणून सोडलंत का? खालची वस्ती तेच पाणी भरते."

वन्संचा चेहरा पांढराफटक पडला. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. माझ्याही नाही. आम्ही दोघी इतके दिवस त्यांच्या अब्रूचंच धरून बसलो होतो.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"मग कोणाला माहीत?"

तो गेला. वन्सं भिंतीला हात लावत कोपऱ्यात गेल्या आणि पायाने चपला चाचपू लागल्या. एक सापडली, दुसरी सापडेना. मी ती पुढे सरकवली.

"साहेबांच्या घरी जायचंय," त्या म्हणाल्या. "वर्षभराचं सगळं काढायला लावते. नाही म्हणाला तर त्याच्या वरच्याकडे जाईन. माझं नाव घालून."

"आत्ता? जेवून तरी घ्या."

"नको. जेवल्यावर धीर होणार नाही." त्यांनी हात पुढे केला, मी उभी होते त्याच्या जरा डावीकडे. "तू चल बरोबर. रस्ता ओलांडताना मला गाड्या दिसत नाहीत."

मी गॅस बंद केला आणि त्यांचा हात धरला.