सगळ्या वारांचे उपास

आमच्या घरी संध्याकाळचं जेवण अजून खाली बसून, सगळ्यांनी मिळून. थोरल्या माणसाचं आटोपल्याशिवाय ताटावरून कुणी उठायचं नाही, ही मळ्यातल्या घराची रीत आम्ही नाशिकच्या फ्लॅटमध्येही आणली. वडील गेल्यावर थोरलं माणूस म्हणजे आई.

ही आई अचानक उपास करू लागली. मला काही कळेना. जन्मभर मेथीच्या जुड्या बांधत ती उपासवाल्यांची थट्टा करायची, पोट रिकामं असलं की देव नाही, भाकरीच दिसते म्हणायची. आता सोमवार झाला, मंगळवार झाला, गुरुवार झाला. उपास सोडायची वेळ झाली की म्हणायची, उद्या सोडीन. एका बुधवारीही तिने ताट नको म्हटलं, तेव्हा मी चिडून विचारलं की आज कुठला देव? शेजारीण मध्येच म्हणाली, बुधवार विठोबाचा असतो. झालं, देवांनी सगळे वार वाटून घेतलेले.

बायकोला सासूच्या भक्तीचं कोण कौतुक! तिने हरसूलच्या बाजारातून भगर मागवली. आई भगर खायची, साबुदाण्याच्या खिचडीतले शेंगदाणे मात्र बाजूला काढायची. आम्ही जेवायला बसलो की ती देवापुढे जाऊन बसायची. एवढी भक्ती, आणि गालफडं का बसताहेत? उपासानं माणूस वाळणारच, असं मीच मला समजावलं.

एका दुपारी पाणी प्यायला आत गेलो, तर ती ओट्याशी उभी राहून चहात भाकरी चुरून खात होती. त्या दिवशी उपास होता. मला पाहताच तिने वाटीवर पदर घेतला आणि गोळी घ्यायची होती म्हणाली. कसली गोळी ते सांगितलं नाही. मी पाणी न पिताच बाहेर आलो. आईने देवाला फसवलं की मला, हेच उमजेना.

मग तिचा गाल सुजला आणि तिला दातांच्या डॉक्टरकडे नेणं आलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. उरलेले दात हलताहेत, हिरड्यांत पू आहे असं सांगून, आजी कधीपासून चावत नाहीत, हे तिने मला विचारलं. मी आपला उपासांचं सांगत बसलो. आईने माझ्याकडे पाहिलं आणि बोलली मात्र डॉक्टरशी.

"बाई, मला भाकर चावायला लय वेळ लागतो. तवर समद्यांचे हात वाळत्यात, नातवंडं ताटाशी पेंगत्यात. मला काय बदाम फोडायचे नाय. मला समद्यांबरोबर उठायचंय."

मला फार वाईट वाटलं. पाठोपाठ रागही आला, आणि तो कुणावर काढायचा ते ठरेना.

दात काढले, हिरड्या भरून आल्या, कवळी आली. सुरुवातीला लहान घास घ्या, सवयीला वेळ लागेल, असं डॉक्टरने बजावलं होतं. त्या संध्याकाळी आई पंगतीत बसली. बायकोने तिची आवडती गवारीची भाजी केली होती. आई एक एक घास तोंडात घोळवत होती. आमची ताटं रिकामी झाली तशी ती म्हणाली, "झालं माझं, उठा." आणि गुडघ्यावर हात टेकून स्वतःच उठली. मुलं हात धुवायला पळाली.

तिच्या ताटात अर्धी भाकरी तशीच होती. पानात शीत टाकलं तरी आम्हाला रागावणारी ही बाई! तिला थांबवावं, तर ती पुन्हा आमच्यात बसायची नाही. जाऊ द्यावं, तर उपाशीच निजणार. काय करावं सुचेना. पोट भरलेलं असताना मी दुरडीतली एक भाकरी ओढली आणि तिचे चिमणीच्या घासाएवढे तुकडे करत बसलो.

आई दारातून बघत होती.

"तुझे बी दात दुखत्यात का रं?"

माझे दात धडधाकट आहेत. मी हो म्हणालो. तिला ते पटलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. ती परत आली, माझ्या शेजारी बसली आणि आपलं ताट पुढे ओढून म्हणाली, "मंग सावकाश खा. मी हाय बसलेली."