पुस्तक न वाचता लिहिले आहे

भुजंगसर राजूरच्या शाळेत मराठी शिकवत. गावात पुस्तकांचा विषय निघाला की नाव त्यांचंच पुढं येई. वाचनालयाचा कार्यक्रम असो, नाही तर शेजारच्या गावातल्या शाळेत वाचनाचा दिवस असो, बोलायला भुजंगसर ठरलेले. आवाज खणखणीत, आणि गोष्ट ऐन रंगात आली की क्षणभर थांबून समोरच्या पोरांकडे बघायची सवय. परदेशातल्या जुन्या अद्भुत कादंबऱ्या हा त्यांचा खास विषय. बर्फातले राक्षस, बोलणारी झाडं, आरशातून ये-जा करणाऱ्या राण्या. पोरं मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी उठत नसत.

गोम एवढीच होती की या कादंबऱ्या सरांनी वाचलेल्या नव्हत्या. त्यांनी पिक्चर बघितले होते.

सुरुवात अशी काही वाईट मनानं झाली नव्हती. आकांक्षा, त्यांची मुलगी, लहान असताना एका रविवारी टीव्हीवर हिंदीत डब केलेला एक इंग्रजी पिक्चर लागला होता. मिरो नावाचा एक मेंढपाळ पोरगा राखेच्या मुलखात जातो, तिथल्या अजस्र सापाशी लढतो आणि गावासाठी चोरीला गेलेला अग्नी परत आणतो, अशी गोष्ट. पिक्चर संपला तरी बापलेक जागचे हलले नाहीत. हा पिक्चर 'राखेचा मुलूख' नावाच्या जुन्या कादंबरीवरून काढलाय, हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी सर वाचनालयात गेले. तिथले कडूबाकाका पंचवीस वर्षांपासून पुस्तकं देत-घेत आले होते. त्यांनी वरच्या कप्प्यातून मराठी अनुवाद काढून दिला. चारशे पानं, बारीक टाइप.

सरांनी तीस पानं वाचली. तीस पानांत मिरो अजून घरातूनच निघाला नव्हता. धुक्याचं वर्णन दोन पानं चाललं होतं. पुढं राखेच्या मुलखात काय होणार, साप कसा मरणार, सगळं डोळ्यांनी बघून झालेलं. मग कशाला एवढा खटाटोप? त्यांनी शेवटचं पान तेवढं उघडून वाचलं. मिरो गावात येतो, चूल पेटवतो. पिक्चरमध्ये होतं तसंच. महिन्याभरानं पुस्तक परत करताना कडूबाकाकांनी विचारलं, "कसं वाटलं सर?"

"एक नंबर," सर म्हणाले.

ते पहिलं खोटं. त्यानंतरच्या कादंबऱ्या त्यांनी घरी नेल्याच नाहीत. पिक्चर बघायचा, चार नावं वहीत टिपून घ्यायची आणि बोलायला उभं राहायचं. कुणी हटकलं नाही. हटकणार कोण? ऐकणाऱ्यांपैकी कुणी वाचलेलंच नसायचं, असं सर धरून चालले होते.

चार वर्षांपूर्वी वाचनालयानं आसपासच्या गावांतल्या नववी-दहावीच्या मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवली. विषय, 'मला आवडलेलं पुस्तक'. परीक्षक अर्थातच भुजंगसर. बेचाळीस निबंध आले. त्यातला एक केदारखेड्याच्या रूपालीचा होता. दहावीतली मुलगी. चार पानं, ठसठशीत अक्षर, खाडाखोड नाही. आणि पुस्तक, 'राखेचा मुलूख'.

आपलंच पुस्तक बघून सर आधी खूश झाले. पण दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या कपाळावर आठी पडली. पोरीनं मिरोबद्दल फार लिहिलंच नव्हतं. तिनं लिहिलं होतं एल्दाबद्दल. मिरोची मोठी बहीण. एल्दा पुढं चालते, वाट शोधते, सापाशी बोलते आणि अग्नी मिळावा म्हणून सापाजवळ कायमची राहते. शेवटी तिनं लिहिलं होतं, 'मिरो घरी आला तेव्हा सगळ्यांनी आग बघितली. एल्दा कुठे आहे, हे कोणी विचारले नाही.'

सरांनी आठवून बघितलं. बहीण? पिक्चरमध्ये बहीण नव्हती. साप तर मिरोनंच मारला होता. ऑक्टोबरात आपण केदारखेड्याच्या शाळेत या कादंबरीवर बोललो होतो. तेवढ्यावर या पोरीनं मनानं गोष्ट रचली, असं त्यांच्या मनानं घेतलं. निबंधाच्या वरच्या कोपऱ्यात नाव, आडनाव, गाव होतं. ते त्यांनी वाचलं होतं. मग लाल पेनानं खाली लिहिलं, 'मूळ पुस्तकात असे पात्रच नाही. पुस्तक न वाचता लिहिले आहे.' गुण दिले वीसपैकी चार.

बक्षिसं वाटली गेली, निबंध शाळांमार्फत मुलांना परत गेले. सर ते सगळं विसरूनही गेले.

मे महिन्यात एका दुपारी आकांक्षा कूलरसमोर पालथी पडून वाचत होती. आठवीची परीक्षा संपली होती. आदल्या दिवशी मोबाइलवर तोच पिक्चर तिनं पुन्हा बघितला होता आणि सकाळी वाचनालयातून पुस्तक आणलं होतं.

"पप्पा, ही एल्दा पिक्चरमधे का न्हाई घेतली?" तिनं मान वर न करता विचारलं.

सर पेपर वाचत होते. "कोण?"

"एल्दा. मिरोची बहीण. तीच तर पुढं चालून राह्यली. तुम्ही वाचलंय ना हे?"

सरांनी पेपर खाली ठेवला. उठून आकांक्षाच्या हातातून पुस्तक घेतलं. ती म्हणाली, "अहो, मी वाचून राह्यले ना." त्यांनी ऐकलं नाही. उभ्याउभ्याच पानं चाळली. चौतिसाव्या पानावर एल्दा पहिल्यांदा येत होती. ते थांबले होते त्याच्या पुढं चार पानांवर.

त्यांनी ती कादंबरी दोन दिवसांत वाचून काढली. आकांक्षा रुसली, पण त्यांनी पुस्तक सोडलं नाही. धुक्याची ती दोन पानंही वाचली, आणि ती कंटाळवाणी नव्हती. पुढं त्याच धुक्यात एल्दाला भावाचा हात सापडत नाही, एवढ्यासाठी ती पानं होती. साप कुणी मारतच नाही. त्याला सोबत हवी असते. एल्दा राहते. शेवटच्या पानावर मिरो चूल पेटवतो आणि एकदा दाराकडे बघतो. हे वाक्य सरांनी पूर्वीही वाचलं होतं. तो दाराकडे कुणासाठी बघतो, असा प्रश्न तेव्हा त्यांना पडला नव्हता.

पुस्तक मिटलं आणि आपलीच लाल अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. पुस्तक न वाचता लिहिले आहे. न वाचता लिहिणारा कोण होता? घरात कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, तरी ते उठून मागच्या अंगणात गेले आणि उगीच हौदातलं पाणी झाडांना घालत राहिले.

पुढचे काही दिवस त्यांनी स्वतःला समजावण्यात घालवले. निकाल लागून गेला. पोरगी विसरली असेल. चार मार्कांनी कुणाचं काय अडतं? पण एक गोष्ट मनातून जाईना. निबंधावरचं आडनाव त्यांनी आधी वाचलं होतं. तेच एखाद्या डॉक्टरच्या, हेडमास्तरच्या किंवा आपल्याच भावकीतल्या घरचं असतं, तर पेन उचलण्याआधी आपण निदान पुस्तक उघडून बघितलं असतं का? बघितलं असतं. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, कुणाला ठाऊकही नव्हतं. ते त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं, आणि म्हणून त्यातून पळायला जागा नव्हती.

ते वाचनालयात गेले. सहज विचारल्यासारखं म्हणाले, "काका, केदारखेड्याची ती रूपाली येती का पुस्तकं न्यायला?"

"यायची. दर गुरुवारी यायची एसटीनं." कडूबाकाका रजिस्टरमधून मान न काढता म्हणाले. "मार्चमधे कार्ड जमा करून गेली. म्हणली, अभ्यास हाय. परीक्षा झाली, पण आली न्हाई परत."

त्या रविवारी सर केदारखेड्याला गेले. घर सापडायला वेळ लागला नाही. रूपालीचे वडील तातेराव गवंडीकाम करत. सुट्टी म्हणून घरीच होते. सरांना दारात बघून ते लगबगीनं उठले. खाट झटकली, वर चादर टाकली, आत आवाज दिला, "पाणी आणा. राजूरचे सर आलेत."

सर बसले. कसं सुरू करावं ते सुचेना. तातेरावांना वाटलं, सर अकरावीच्या प्रवेशाचं काही सांगायला आलेत.

"तुमचं नाव घेती पोरगी," ते म्हणाले. "तुमचं भाषण ऐकलं अन् तेच पुस्तक आणायला गेल्ती राजूरला. स्पर्धेत नंबर न्हाई आला. चार दिवस जेवली न्हाई धड. मी म्हणलं, सरांनी लिहिलं म्हंजी बराबरच आसंल, आपलंच काही चुकलं. मोठी माणसं उगं लिहीत न्हाईत."

सरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तेवढ्यात रूपाली चहा घेऊन आली. बारीक अंगाची, शांत मुलगी. कप ठेवून भिंतीशी उभी राहिली.

"रूपाली," सर म्हणाले, "तुझं काही चुकलं न्हाई. एल्दा हाय पुस्तकात. मीच वाचलं नव्हतं. आता मागच्या आठवड्यात वाचलं."

तातेराव दोघांकडे बघत राहिले.

"मला वाटलं," रूपाली म्हणाली, "सरांजवळचं पुस्तक वेगळं आसंल. मी कडूबाकाकांना विचारल्तं, ह्याची दुसरी प्रत हाय का. ते न्हाई म्हणले. मंग मी परत वाचलं. पहिल्यापासून. मला वाटलं, माझ्याच समजण्यात फरक झाला."

असा घाव सरांच्या कल्पनेतही नव्हता. पोरगी रागावली असेल, रडली असेल, एवढं त्यांनी धरलं होतं. पण हातात छापील पुस्तक असताना तिनं आपल्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला होता, कारण सरांनी लिहिलं होतं.

"मंग तुम्ही भाषण केल्तं ते?" तिनं विचारलं. आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पिक्चर बघून केल्तं."

"सगळीच?"

"ह्या पुस्तकांवरची सगळीच."

तिनं मान खाली घातली. जणू लाज तिलाच वाटली होती, सरांच्या वतीनं. तातेराव खाली फरशीकडे बघत होते. मघाची लगबग, मघाचा अभिमान, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावरून उतरले होते. मग ते म्हणाले, "चहा घ्या सर. गार होऊन राह्यला."

सरांनी चहा घेतला. निबंध परत मागितला. वाचनालयाच्या अंकात छापू, माझी चूक खाली लिहून छापू, म्हणाले.

"तो ठेवला न्हाई मी," रूपाली म्हणाली. "फाडून टाकला."

यावर करण्यासारखं काहीच नव्हतं. सर उठले, तिला हात जोडले. ती गडबडून मागं सरकली. एका मोठ्या माणसानं असं करावं, हे तिला आवडलं नाही, हे त्यांना दिसलं. आपण तिला आणखी अवघडून ठेवलं, असं मनात येऊन ते झपाझप रस्त्याला लागले. एसटी चतुर्थीसाठी राजूरच्या गणपतीला निघालेल्या गर्दीनं भरून आली होती. ते दांड्याला धरून उभे राहिले आणि ओळखीचं कुणी भेटू नये एवढंच मनात म्हणत राहिले.

त्यांनी वाचनालयाला पत्र लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, "सर, झालं गेलं. कशाला आपलीच शोभा करून घेता?" पत्र कपाटात गेलं. मग ऑक्टोबरच्या कार्यक्रमात, बोलायची वेळ आल्यावर, भुजंगसरांनी ते सगळं स्वतःच सांगितलं. रूपालीचं नाव घेतलं, तिच्या निबंधातली पाठ राहिलेली दोन वाक्यं म्हणून दाखवली. बोलताना मधे थांबायची सवय होती, पण त्या दिवशी ते कुठं न थांबता बोलत गेले. मागच्या रांगेतली पोरं हसली. शाळेतल्या एका शिक्षकानं त्यांचं नाव 'पिक्चरसर' पाडलं, आणि ते वर्षभर टिकलं. ज्याच्या घरच्यांनी त्या स्पर्धेत मिळालेल्या बक्षिसाचा फोटो भिंतीवर लावला होता, त्या मुलाचा बाप मात्र चिडला. आता माझ्या पोराचं बक्षीसही खोटं समजायचं का, म्हणाला. सरांनी त्याचीही माफी मागितली. रूपालीला कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं होतं. ती आली नाही.

परीक्षक व्हायचं त्यांनी सोडलं. भाषणंही कमी झाली, बोलावणीच कमी आली म्हणून. त्यांनी सगळ्या राहिलेल्या कादंबऱ्या एकेक करून आणल्या. वाचायचा वेग कमी होता. काही पुस्तकं खरंच कंटाळवाणी निघाली, एक तर पिक्चरपेक्षा वाईट होतं. पण आता ते तसं सांगू शकत होते. कडूबाकाका पुस्तक परत घेताना काही विचारत नसत. मुद्दाम की विसरून, ते सरांना कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

परवाच्या जानेवारीत भोकरदनच्या स्टँडवर रूपाली भेटली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनंच हाक मारली. "सर, बसा," म्हणून बाकावरची पिशवी बाजूला घेतली. बस उशिरा होती. ती कॉलेजचं सांगत होती, वॉर्डातल्या ड्यूटीचं सांगत होती. सरांना एकच विचारायचं होतं, अजून वाचतेस का. पण तो प्रश्न आपल्या तोंडी शोभेल असं त्यांना वाटेना.

मग तिनंच विचारलं, "आता कोणतं वाचून राह्यले सर?"

सरांनी पिशवीतून पुस्तक काढून दाखवलं. जाडजूड होतं.

"कसं हाय?"

"निम्मं झालंय," सर म्हणाले. "न्हाई सांगता येणार अजून."

ती पुस्तक हातात घेऊन मागचं पान वाचू लागली. जालन्याची बस लागली तेव्हा तिनं ते त्यांना परत दिलं आणि पिशवी खांद्याला लावून गर्दीत शिरली. सर आपल्या बसची वाट बघत तिथंच बसून राहिले.