दत्ताभाऊंचा गुरुवार

दत्ताभाऊंना हॉटेलच्या मॅनेजरने धरून क्लिनिकमध्ये आणलं. घामाने शर्ट भिजलेला, हात थरथरत होते. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर हा शर्ट किती ढगळ झालाय!

मी आहारतज्ज्ञ. लोणावळ्यात एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये बसते. दत्ताभाऊ खंडाळ्याच्या एका हॉटेलात ड्रायव्हर. वजन भरपूर, त्यात डायबेटीस. वर्षभर ते माझे पेशंट होते. मी त्यांना भात मोजून दिला, भाकरी मोजून दिली, चालायला लावलं. वजन जागचं हललं नाही. मग ते बाजारातल्या नव्या जिममध्ये गेले. पुण्याहून आलेल्या तिथल्या ट्रेनरने त्यांचं भात, भाकरी, साखर सगळं बंद केलं आणि मटण, चिकन, अंडी, मासे सुरू केले. याला लो-कार्ब म्हणतात. पिठाचं आणि गोड जवळजवळ वर्ज्य, पोट भरायचं ते प्रोटीन आणि फॅटवर. दिवाळीला सुरू केलं, होळीपर्यंत भाऊ ओळखू येईनात.

माझा नुसता जळफळाट झाला. माझी विद्यापीठाची डिग्री, त्याचा कुठलासा ऑनलाइन कोर्स, आणि माझे पेशंट रांगेने त्याच्याकडे! त्यात माझ्या वडिलांचं कामशेतला तांदळाचं दुकान. तो पोरगा इंद्रायणी भाताला विष म्हणायचा. ऐकलं की आमच्या अख्ख्या घराला शिवी दिल्यासारखं वाटायचं.

"मुंबईच्या गेस्टना घेऊन घाट चढत होते," मॅनेजर डॉक्टरांना सांगत होता. "मध्येच गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सर, हे दुसऱ्यांदा झालं. तुमचं फिटनेस सर्टिफिकेट मिळेपर्यंत मी यांच्या हातात गाडी देणार नाही."

सिस्टरने बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. फारच खाली गेली होती. ग्लुकोजचं पाणी पाजल्यावर भाऊ हळूहळू माणसात आले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "ते मटणाचं खूळ आजपासून बंद. शबाना, यांना परत तुझा जुना चार्ट दे."

किती दिवसांनी कानाला इतकं गोड ऐकू आलं होतं! मी लगेच पेन काढलं. दत्ताभाऊंचं तोंड मात्र एवढंसं झालं.

"मॅडम, वजन वाढलं का गुडघं पुन्यांदा धरत्यात. क्लच दाबवत नव्हता मला. गाडी सोडून दुसरं काय येतंय मला?"

"बघू. आज सकाळपासून काय काय खाल्लंत?"

"काय न्हाई."

"काहीच नाही? का?"

"आज गुरुवार न्हवं का!"

"आणि मागच्या वेळी चक्कर आली तेव्हा?"

"सोमवार व्हता."

मी पेन खाली ठेवलं. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मावळातली कितीतरी घरं या दिवशी मटण सोडाच, अंडंही शिवत नाहीत. आम्ही मुसलमान, आमच्यात हे वार नाहीत. पण कामशेतच्या मटणाच्या दुकानापुढची गर्दी बघून मी लहानपणापासून वार सांगू शकते. आता ट्रेनरने भाकरी बंद केलेली, देवाने मटण. भाऊंनी दोघांचंही ऐकलं आणि दिवसभर काळ्या चहावर राहिले.

"ट्रेनरना सांगितलं होतंत?"

"त्यांनी इचारलंच न्हाई. आन् सांगून काय, म्हनले असते वार सोडा."

"आणि साखरेची गोळी?"

"ती रोजच्या रोज! गोळी कशी चुकवीन, मॅडम?"

त्यांची गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावणारी होती. तुम्ही जेवलात की उपाशी आहात, हे ती बघत नाही. तिचं काम एकच, साखर खाली आणायची. पोटात काही नसताना ती आणखी खाली आणते.

गप्प बसावं, असं माझ्या मनात आलं, आणि चांगलं ठळक आलं. मी गप्प बसले असते तर पेशंट माझा होता आणि गावभर ट्रेनरची नाचक्की झाली असती. पण समोर भाऊ मॅनेजरच्या हातातल्या गाडीच्या किल्लीकडे बघत बसले होते.

"डॉक्टर, डाएट बंद नको," मी म्हटलं. "डाएट बदललं, पण गोळीचा डोस जुनाच राहिलाय. आणि यांचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट बघा. माझ्या चार्टवर इतका चांगला कधीच आला नव्हता."

शेवटचं वाक्य घशातून ओढून काढावं लागलं.

"तू त्या ट्रेनरची बाजू घेतेस?"

"बाजू नाही घेत. रिपोर्ट वाचतेय."

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, गोळी बदलली, एवढं प्रोटीन झेपतंय ना म्हणून किडनीची तपासणी लिहून दिली. मी वाराच्या दिवसांचं खाणं ठरवलं: पनीर, दही, शेंगदाणे, पालेभाज्या, थोडे मोडाचे मूग. उपाशी राहायचं नाही, हे तीनतीनदा बजावलं. मग ट्रेनरला फोन लावला.

"वार? पण मॅडम, प्रोटीनचा आणि वाराचा काय संबंध?"

मी समजावलं. तो हळूच म्हणाला, "माझ्या बॅचमधले बरेच जण सोमवारी डल असतात. मला वाटायचं, रविवारी पितात."

महिनाभर साखर एकदाही खाली गेली नाही. डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं, भाऊंना गाडी मिळाली. मी यातून एवढंच शिकले, की नव्या पेशंटचं वजन नंतर करावं, आधी वार विचारावेत.

परवा बाजारात भाऊ भेटले. बरोबर त्यांचे जाडजूड मेहुणे. भाऊंनी मोठ्या कौतुकाने ओळख करून दिली.

"ह्या आपल्या मॅडम. वजन जिमच्या सरांनी उतरवलं, ह्यांनी निस्तं वार सांभाळलं."

मेहुण्यांनी मला नमस्कार केला आणि ट्रेनरचा नंबर मागितला. मला तो तोंडपाठ होता. दिला.